वाचकांचे प्रश्न : ‘द ब्लूएस्ट आय’ चारचौघांत कशी वाचावी?

टोनी मॉरिसन यांची ‘द ब्लूएस्ट आय’ ही पहिली कादंबरी १९७० साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं लोरेन हे गाव, काळ १९४०-४१ चा. अकरा वर्षांची पिकोला ब्रीडलव्ह ही काळी मुलगी रोज रात्री देवाकडे निळे डोळे मागते. तसे डोळे मिळाले तर आईबापांची मारामारी थांबेल, लोक आपल्याकडे नीट बघतील, असं तिला वाटतं. तिचा बाप चॉली तिच्यावर बलात्कार करतो, तिला दिवस जातात, मूल जगत नाही आणि तिचं मन कायमचं भरकटतं. गोष्ट सांगते ती क्लॉडिया मॅकटीअर. त्या वेळी नऊ वर्षांची असलेली ही मुलगी मोठेपणी मागे वळून बघते आहे. पण सगळं तीच सांगत नाही, आणि या पुस्तकाची खरी गुंतागुंत तिथेच आहे. वाचनगटांकडून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. कादंबरीत काय घडतं हे खाली उघडपणे येईल. लेखिकेनंही ते सुरुवातीच्या पानांतच सांगून टाकलं आहे.

आमच्या गटात नऊ जण आहेत. महिन्याला एक पुस्तक आणि दोन तासांची एक बैठक, असा शिरस्ता आहे. ही कादंबरी जेमतेम २०० पानांची आहे, म्हणजे एका बैठकीत होऊन जाईल ना? – वाचक, डोंबिवली

होणार नाही. एका बैठकीत घेतलीत तर बलात्काराचं प्रकरण सगळा वेळ खाऊन टाकेल आणि पिकोलाभोवतीच्या पंधरा-वीस माणसांनी काय केलं, काय केलं नाही, हे बाजूला पडेल. कादंबरीचं सगळं वजन त्या माणसांवर आहे.

तीन बैठका ठेवा. प्रत्येक दीड तासाची, मध्ये दोन आठवडे. कादंबरीचे ऋतूंच्या नावांचे चार भाग आहेत. पहिलीला सुरुवातीची पानं आणि ‘ऑटम’ हा भाग. दुसरीला ‘विंटर’ पूर्ण, आणि ‘स्प्रिंग’मधली क्लॉडियाची बहीण फ्रीडा व पिकोलाची आई पॉलीन यांची प्रकरणं. तिसरीला चॉली, सोपहेड चर्च हा भोंदू आणि ‘समर’. चौथी बैठक जमत असेल तर तिच्यात फक्त चॉलीचं प्रकरण घ्या.

बैठकीची पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. प्रत्येकानं ज्या वाक्यापाशी आपण अडखळलो ते एक वाक्य पान क्रमांकासह चिठ्ठीवर लिहायचं. मग एक फेरी, ज्यात फक्त वाक्य वाचायचं, भाष्य नाही. नऊ जणांची फेरी बारा-पंधरा मिनिटांत होते. हे केलं नाही तर पहिलं वाक्य हमखास ‘मला आवडलं’ किंवा ‘मला सहन झालं नाही’ असं येतं, आणि पुढचा तास त्या दोन बाजूंची राखण करण्यात जातो. वाक्य हातात असलं की माणूस मजकुराविषयी बोलतो.

आठवडाभर आधी सर्वांना एक निरोप पाठवा. त्यात आडपडदा नको. उदाहरणार्थ : ‘या पुस्तकात बापानं मुलीवर केलेला बलात्कार, मुलांशी झालेले लैंगिक गैरवर्तन, घरातली मारहाण आणि प्राण्यांचा छळ आहे. चॉलीचं प्रकरण वगळून यायचं असेल तरी चालेल, कारण सांगावं लागणार नाही.’ हे आधी कळल्यानं पुस्तकाची धार कमी होत नाही, कारण घटना लपवून धक्का देणं हा लेखिकेचा हेतूच नाही.

बैठक संपल्यावर अर्धा तास चहासाठी मोकळा ठेवा. चॉलीच्या प्रकरणानंतर लोकांना रात्री साडेनऊला थेट जिन्यावर सोडणं बरं नाही.

आवृत्तीविषयी एक सूचना. १९९३ साली मॉरिसन यांनी या कादंबरीवर एक निवेदन लिहिलं. काही आवृत्त्यांत ते शेवटी आहे, काहींत प्रस्तावना म्हणून पुढे आलं आहे. पुढे असलं तरी ते शेवटीच वाचा.

पहिल्या पानावर शाळेच्या पुस्तकातल्यासारखा एक परिच्छेद आहे. तोच पुन्हा विरामचिन्हांशिवाय, आणि तिसऱ्यांदा शब्द एकमेकांना चिकटवून. पुढेही प्रकरणांच्या माथ्यावर तसलीच अक्षरं येतात. आमच्यातल्या काहींनी ही छपाईची चूक समजून पान उलटलं. – वाचक, कोल्हापूर

चूक नाही. एका अर्थी ती या पुस्तकाची अनुक्रमणिकाच आहे.

अमेरिकेत १९३० पासून १९६०च्या दशकापर्यंत लाखो मुलं डिक आणि जेन या गोऱ्या भावंडांच्या पुस्तकांतून वाचायला शिकली. हिरवं-पांढरं सुंदर घर, हसरी आई, धिप्पाड आणि प्रेमळ बाबा, मांजर, कुत्रा, खेळायला येणारी मैत्रीण. काळ्या मुलांच्या हातातही हेच पुस्तक होतं. (कादंबरी लिहिण्याच्या काळात मॉरिसन स्वतः पाठ्यपुस्तकांच्या संपादक म्हणून नोकरी करत होत्या. हे मजकूर पोरांच्या डोक्यात काय रुजवतात, याची त्यांना जवळून कल्पना असणार.)

आता माथ्यावरच्या ओळी आणि त्यांखालची प्रकरणं ताडून बघा. ‘घर’ या ओळीखाली ब्रीडलव्ह कुटुंबाची बंद पडलेल्या दुकानातली जागा येते. ‘मांजर’ या ओळीखाली जेराल्डीन या सुखवस्तू काळ्या बाईच्या घरातला प्रसंग, जिथे मांजर मरतं आणि आळ पिकोलावर येतो. ‘आई’खाली पॉलीन. ‘धिप्पाड, हसरे बाबा’ या ओळीखाली चॉली. ‘कुत्रा’ या ओळीखाली सोपहेड चर्च, जो पिकोलाच्या हातून म्हाताऱ्या कुत्र्याला विष देववतो. आणि ‘मैत्रीण आली’ या ओळीखाली पिकोला आणि तिच्या मनातच असलेली मैत्रीण यांचं बोलणं. क्लॉडिया स्वतः सांगते त्या प्रकरणांवर मात्र अशी ओळ नाही. तिचं घर गरीब आहे, पण ते त्या पाठाच्या तालावर नाचत नाही.

गटात हे तीनदा मोठ्यानं वाचा, तिसऱ्यांदा श्वास न घेता. अर्थ सांगायची गरज उरत नाही. इंग्रजीचा अडसर वाटत असेल तर ‘कमल नमन कर’ ही ओळ आधी फळ्यावर लिहा, मग शेजारी ‘कमलनमनकर’. जो पाठ आपण डोळे मिटून म्हणायचो, तो अचानक अनोळखी दिसू लागतो.

चॉलीचं लहानपण वाचताना मला रडू आलं. गटात मी हे बोलले तर एक काका भडकले. ‘बलात्काऱ्याची बाजू घेताय?’ म्हणाले. दुसऱ्या एकीनं उलट सुरू केलं की दोष त्याचा नाहीच, परिस्थितीचा आहे. बैठक तिथेच मोडली. अशा वेळी काय करायचं? – वाचक, पुणे

तुम्हाला रडू आलं यात काही वावगं नाही. लेखिकेनं ते प्रकरण तसंच रचलं आहे. चौथ्या दिवशी आईनं कचऱ्याच्या ढिगावर टाकलेलं मूल, आजीच्या बहिणीनं वाढवलेलं. तिच्या अंत्यविधीच्या दिवशी तो एका मुलीबरोबर असताना दोन गोरे शिकारी बंदुका आणि बॅटरी घेऊन येतात आणि त्यांच्या करमणुकीसाठी त्याला पुढे चालू ठेवायला लावतात. मग बापाच्या शोधात तो मेकन शहरी जातो, तर जुगारात गुंतलेला बाप त्याला हाकलून लावतो. हे सगळं झाल्यावर, त्याच प्रकरणाच्या शेवटी, स्वयंपाकघरात भांडी घासत उभी असलेली पिकोला येते.

भांडण होतं ते दोन प्रश्न एकात मिसळल्यामुळे. ‘हा असा का झाला?’ हा एक प्रश्न. ‘यानं केलं त्याचं उत्तर कोणी द्यायचं?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कितीही लांब असलं तरी त्यानं दुसऱ्याची फेड होत नाही. बैठक चालवणाऱ्यानं हे दोन प्रश्न सुरुवातीलाच कागदाच्या दोन बाजूंना लिहून मध्ये ठेवावेत, आणि कोणी बोललं की विचारावं : ‘हे तुम्ही कोणत्या बाजूचं बोलताय?’ दोनतीनदा विचारलं की लोक आपलं आपण तपासायला लागतात.

मग मजकुराकडे वळा. चार जागा ठरवून वाचा.

पहिली, शिकाऱ्यांचा प्रसंग. चॉलीचा राग कोणाकडे वळतो ते नेमकं वाक्य शोधायला सांगा. तो शिकाऱ्यांचा द्वेष करत नाही, त्या मुलीचा करतो. बलवानाचा द्वेष परवडत नाही म्हणून तो आपल्याहून दुबळ्यावर उतरतो. हे एकदा दिसलं की पॉलीन, जेराल्डीन, तिचा मुलगा जुनिअर, शाळेच्या आवारात पिकोलाला घेरणारी पोरं, सगळीकडे तीच उतरंड दिसते. सगळ्यांत खालच्या पायरीवर पिकोला आहे आणि तिच्याखाली कोणी नाही.

दुसरी, बलात्काराचा प्रसंग कोणाच्या डोळ्यांनी दिसतो? चॉलीच्या. पिकोलाचा एकही शब्द तिथे नाही. घशातून निघालेला श्वासाचा एक पोकळ आवाज, तेवढाच. म्हणून प्रकरण मिटल्यावर दोन मिनिटं द्या आणि प्रत्येकाला लिहायला सांगा : ‘या पानांत पिकोलाविषयी आपल्याला काय कळलं?’ कागद बहुधा कोरे राहतात. चॉलीविषयी वीस गोष्टी ठाऊक आणि जिच्यावर हे घडलं तिच्याविषयी काहीच नाही! आपल्याला रडू आलं ते नेमकं कोणासाठी, हे तिथे स्वच्छ कळतं. ते कळल्यावर अपराधी वाटून घेण्यापेक्षा पान मागे उलटून पुन्हा वाचावं.

तिसरी जागा बहुतेक गटांच्या नजरेतून निसटते. शेवटच्या भागातल्या त्या कल्पित मैत्रिणीशी बोलताना ओझरतं कळतं की हे दुसऱ्यांदाही घडलं होतं, आणि पहिल्या वेळी पिकोलानं आईला सांगितलं तेव्हा आईनं विश्वास ठेवला नाही. चॉलीच्या प्रकरणातली ती गोंधळलेली कोवळीक आठवून कोणी त्याची कीव करत असेल, तर ही अर्धी ओळ शेजारी ठेवा. एका गोंधळलेल्या क्षणाचं स्पष्टीकरण दुसऱ्या वेळेला लागू पडत नाही.

चौथी, ‘स्प्रिंग’च्या सुरुवातीला भाडेकरू मिस्टर हेन्री क्लॉडियाच्या बहिणीच्या, फ्रीडाच्या अंगाला हात लावतो तो प्रसंग. ती घरी सांगते. आईबाप तत्क्षणी विश्वास ठेवतात. बाप जुनी तीनचाकी सायकल त्याच्या डोक्यात घालतो, शेजाऱ्याच्या बंदुकीनं गोळी झाडतो. मॅकटीअरही काळे आहेत, गरीब आहेत, त्याच गावात राहतात. ‘परिस्थितीच तशी होती’ असं म्हणणाऱ्या ताईंसमोर हे प्रकरण ठेवा. आणि ‘ही माणसंच तशी’ म्हणणाऱ्या काकांसमोरही हेच ठेवा.

मॉरिसन यांना हा धोका ठाऊक होता. पिकोलासारख्या नाजूक मुलीवर सगळ्या प्रश्नाचं ओझं टाकलं तर वाचक तिची कीव करून मोकळा होईल, तिला चिरडण्यात आपला वाटा काय हे स्वतःला विचारणार नाही, असं त्यांनी १९९३च्या त्या निवेदनात म्हटलं आहे. म्हणून त्यांनी गोष्ट तुकड्यातुकड्यांत मांडली. तो उपाय फसला, बरेच वाचक हेलावले पण हलले नाहीत, असंही त्याच लिहितात. तुमच्या गटातली भांडणं ही या अवघड रचनेतून आलेली आहेत. त्यांना घाबरून पुस्तक बदलू नका.

‘अमेरिकेतल्या काळ्यांची गोष्ट, आपला काय संबंध?’ असा सूर आमच्याकडे निघाला. त्यावर दुसऱ्या बाजूनं लगेच जातीवर चर्चा सुरू झाली आणि पुस्तक राहिलंच. – वाचक, नागपूर

दोन्हींत घाई आहे. पहिली दोन सत्रं लोरेन सोडू नका. तिथलंच पुष्कळ आहे. क्लॉडियाला नाताळात गोरी, निळ्या डोळ्यांची बाहुली मिळते आणि क्लॉडिया ती बाहुली तोडून आत काय आहे ते बघते. याच सुमारास, १९४०च्या दशकात, केनेथ आणि मेमी क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ दांपत्य काळ्या मुलांपुढे गोरी आणि काळी बाहुली ठेवून ‘चांगली कुठली?’ असं विचारत होतं. बरीच मुलं गोरी निवडत. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात त्या कामाची नोंद झाली. पॉलीन सिनेमागृहात जीन हार्लो या हॉलिवूडच्या नटीसारखे केस करून बसते आणि गोळी चावताना तिचा दात पडतो. पिकोला शर्ली टेंपल या गोऱ्या बालनटीचं चित्र असलेल्या कपातून दूध पिता पिता घरातलं सगळं दूध संपवते. या वस्तूंची यादी करा : कप, गोळीच्या वेष्टनावरचा चेहरा, बाहुली, सिनेमा. ‘तू कुरूप आहेस’ असं पिकोलाला सांगायला दर वेळी माणूस लागत नाही.

आणखी एक मोजणी करून बघा. कादंबरीत गोरी माणसं किती पानांवर येतात? दुकानदार याकोबोव्स्की, ते शिकारी, पॉलीन कामाला जाते ते फिशर कुटुंब, बाळंतपणातले डॉक्टर आणि थोडे इकडचे तिकडचे. पिकोलाला रोजच्या रोज दुखावणारे बहुतेक काळेच आहेत. जेराल्डीन आपल्या मुलाला ‘आपण वेगळे, ते वेगळे’ असं शिकवते, आणि सोपहेडच्या घराण्याला पूर्वज गोरा असल्याचा अभिमान आहे.

एवढं झाल्यावर घरी या. वधूवर सूचक मंडळाच्या रकान्यातले शब्द फळ्यावर लिहा : गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, ‘रंगानं उजळ’, ‘काळी पण नाकीडोळी नीटस’. त्या ‘पण’वर वीस मिनिटं जातील. ‘घारे डोळे’ म्हटलं की कोणतं घराणं, कोणती जात डोळ्यांपुढे येते, तेही प्रामाणिकपणे बोला. चेहरा उजळवण्याच्या एका प्रसिद्ध मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० साली गेला, पण घरातल्या बोलण्यातून तो गेला का, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

जातीशी तुलना करू नका असं आम्ही म्हणत नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिनं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरूनच घेतलं होतं, हा धागा खराच आहे. फक्त तुलना करताना फरकही सांगा. रंग दिसतो, जात विचारली जाते, आडनावावरून ताडली जाते. पिकोलाला दुकानात शिरताच जे होतं ते इथे पत्ता सांगितल्यावर होतं. आपल्या गटात कोण कुठल्या घरातून आलं आहे याचं भान ठेवा आणि कोणालाही ‘तुमचा अनुभव सांगा ना’ म्हणून पुढे ढकलू नका.

चर्चा चालू असताना एक सदस्य स्वतःच्या लहानपणाविषयी बोलू लागल्या. आम्ही सगळे गोठून गेलो. मग कोणीतरी विषय बदलला. ते चुकलं असं आता वाटतं. – वाचक, छत्रपती संभाजीनगर

विषय बदलणं हेच पिकोलाच्या गावानं केलं, म्हणून ते तुम्हाला टोचतं आहे. आता त्यांना एकट्यानं भेटा किंवा फोन करा आणि एवढंच म्हणा : ‘त्या दिवशी तुम्ही बोललात, आम्हाला काय बोलावं सुचलं नाही. माझा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्हाला काही हवं असेल तर सांगा.’ कोण होतं, कधी, किती वेळा, हे विचारू नका.

पुढच्या वेळी असं घडलं तर चालवणाऱ्यानं पुस्तक मिटावं, त्या व्यक्तीला बोलायचं तेवढं बोलू द्यावं, आभार मानावेत आणि दहा मिनिटं थांबावं. त्या काळात एकानं त्यांच्याजवळ बसावं. चर्चा पुढे न्यायची की नाही हे त्यांना विचारून ठरवावं. गटाबाहेर यातला शब्दही जाऊ नये, आणि हा नियम पहिल्या बैठकीतच सांगितलेला असावा. बोलायला कोणी हवं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

एक गोष्ट वेगळी. बोलण्यातून असं कळलं की आज अठरा वर्षांखालच्या एखाद्या मुलावर किंवा मुलीवर असा अत्याचार होतो आहे, तर ती गटातली खासगी गोष्ट राहत नाही. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार अशी माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावरूनही मदत मिळते. गुप्ततेचा नियम सांगतानाच हा अपवादही सांगून ठेवा.

आम्ही पुस्तक इंग्रजीत वाचतो, बोलतो मराठीत. बरेच शब्द हातातून सुटतात. – वाचक, न्यू जर्सी

सुटलेले शब्दच चर्चेला घ्या. तीन उदाहरणं देतो.

क्लॉडियाच्या घरी ‘आउटडोअर्स’ या शब्दाची दहशत आहे. ‘बाहेर’ म्हटलं तर काहीच उरत नाही. घरातून बाहेर पडणं आणि ‘उघड्यावर पडणं’ यांतला फरक तिथे आहे. बाहेर पडलेल्याला जायला दुसरी जागा असते. चॉली स्वतःच्या कुटुंबाला उघड्यावर आणतो, आणि गाव त्याला माणसांतून उठवतं ते तिथपासून.

‘अग्ली’साठी ‘कुरूप’ बरोबर आहे, पण ब्रीडलव्ह कुटुंबाविषयीचा तो उतारा नीट वाचा. ती कुरूपता त्यांच्या चेहऱ्यांत सापडत नाही, ती त्यांच्या खात्रीतून आलेली आहे. जणू कोणी मालकानं प्रत्येकाला एकेक झगा दिला आणि त्यांनी निमूटपणे अंगात घातला. इथे ‘कुरूप’ हे विशेषण राहत नाही, ते अंगावर चढवलेलं काहीतरी होतं.

तिसरा शब्द झेंडू. पिकोलाचं मूल जगावं म्हणून क्लॉडिया आणि फ्रीडा झेंडूच्या बिया पेरतात आणि त्या उगवत नाहीत. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच दसऱ्याचं तोरण येतं. ते येऊ द्या, ऋतूही शरदाचाच आहे. फक्त लक्षात ठेवा की तिथे झेंडू पूजेचा नाही. मुलींनी दारोदार विकायला आणलेल्या पाकिटांतलं ते साधं बी आहे. त्यातून मिळणाऱ्या पैशांची नवी सायकल येणार होती. ती सायकल सोडून त्या पैसे पुरतात आणि बिया पेरतात. या गावात पिकोलासाठी आपली हवीशी गोष्ट सोडून देणाऱ्या या दोन मुलीच, एकीचं वय नऊ, दुसरीचं दहा.

पात्रांची बोली मोठ्यानं वाचा. तिचं प्रमाण मराठीत भाषांतर करू नका, घरातल्या कोणाच्या तरी बोलण्यात सांगून बघा. पॉलीनचे तिरप्या अक्षरांतले उतारे त्यामुळे जिवंत होतात.

अकरावी-बारावीच्या मुलांना ही कादंबरी देऊ का? – शिक्षक, सातारा

पूर्ण कादंबरी वर्गात सक्तीची करू नका. अमेरिकेतही शाळा आणि ग्रंथालयांतून काढून टाकण्याची मागणी ज्या पुस्तकांबाबत वारंवार होते, त्यांत हे एक आहे. ती मागणी आम्हाला मान्य नाही, पण सक्तीचा वर्ग आणि स्वेच्छेचं वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात ज्याला त्रास होतो त्याला उठून जाता येत नाही. डिक-जेनचा पाठ, बाहुलीचा उतारा आणि शाळेत नव्यानं आलेल्या, उजळ वर्णाच्या श्रीमंत मोरीन पीलचं प्रकरण एवढं वर्गात घ्या. दोन तासिका पुरतात. मोरीनच्या प्रकरणातली शिवीगाळ आधी स्वतः वाचून ठेवा. पुढचं ज्यांना वाचायचं आहे त्यांच्या पालकांशी बोलून मग पुस्तक द्या, आणि वाचून झाल्यावर अर्धा तास त्यांच्यासाठी राखून ठेवा.

पहिलीच कादंबरी असल्याचं कुठे जाणवतं का? आम्हाला सोपहेडचं प्रकरण उपरं वाटलं. – वाचक, नाशिक

जाणवतं. सोपहेडची वंशावळ लांबते, आणि त्याचं देवाला लिहिलेलं पत्र कधी कधी लेखिकेच्या आवाजात बोलतं. मधले सांधे दिसतात. पण त्याला वगळून पाहा : पिकोलाला ‘तुला निळे डोळे मिळाले’ असं कोण सांगणार? तिची विनंती गांभीर्यानं ऐकणारा गावातला एकमेव प्रौढ हा मुलींना नासवणारा भोंदू आहे, ही भयंकर गोष्ट त्याच्याशिवाय उभी राहत नाही.

शेवटी क्लॉडिया म्हणते की दोष जमिनीचा होता. म्हणजे कोणाचाच नाही असं म्हणायचं आहे का? – वाचक, पणजी

पहिली आणि शेवटची पानं एकाच बैठकीत शेजारी शेजारी ठेवा. सुरुवातीला क्लॉडिया सांगते की बिया फार खोल पेरल्या, चूक आपली, असं तिला कित्येक वर्षं वाटत होतं. शेवटी म्हणते, चूक आपली नव्हती, त्या वर्षी सगळ्या देशाची जमीनच झेंडूला वैरी होती. लहान मुलीच्या मानेवरचं जोखड उतरतं, ते उतरायलाच हवं. बरेच गट इथे सुस्कारा टाकून पुस्तक मिटतात.

पण त्याच परिच्छेदात पुढे ती म्हणते की जमीन आपणहून मारते तेव्हा आपण मान डोलावतो, मेलेल्याला जगण्याचा हक्कच नव्हता असं म्हणतो, आणि हे अर्थातच चूक आहे. म्हणजे ‘जमीन’ हे उत्तर देऊन लगेच ती त्यावर बोट ठेवते. त्याच्या थोडं आधी तिनं कबूल केलेलं असतं की पिकोलाच्या अंगावर आपली घाण पुसून आम्ही सगळे स्वच्छ झालो, तिच्या कुरूपतेशेजारी उभं राहून सुंदर झालो. तिथे ती ‘आम्ही’ म्हणते, स्वतःला धरून.

तो ‘आम्ही’ कोण कोण, याची यादी गटानं करावी. पॉलीन, जिनं फिशरांच्या स्वयंपाकघरात फळांच्या गरम पक्वान्नाची थाळी सांडली म्हणून भाजलेल्या पिकोलालाच मारलं आणि रडणाऱ्या गोऱ्या पोरीला जवळ घेतलं. याकोबोव्स्की, ज्याला तीन पैशांच्या गोळ्या देताना तिच्या हाताला हात लागू द्यायचा नव्हता. दिवस गेल्याचं कळल्यावर कुजबुजणाऱ्या बायका. क्लॉडिया स्वतः, जी बिया उगवल्या नाहीत म्हणून पुढे पिकोलाच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. प्रत्येक नावापुढे त्या माणसाला त्या दिवशी करता आली असती अशी एक छोटी गोष्ट लिहा. दुकानदारानं पैसे घेताना तिच्याकडे बघायला हवं होतं. आईनं आधी भाजलेले पाय बघायला हवे होते. यादी झाली की पुस्तकाची सुरुवातीची पानं पुन्हा काढा. तिथे क्लॉडिया म्हणते की ‘का’ हाताळायला अवघड, म्हणून ‘कसं’चा आसरा घ्यावा लागतो. तुमच्या हातातला कागद त्या ‘कसं’चाच आहे.